तळघरातल्या मैलापाणी पंपांना कुठला आयसोलेशन व्हॉल्व्ह घ्यावा?

इंद्रायणीकाठ · सोमवार, रात्री 9:40

नमस्कार मंडळी. आमची सोसायटी पिंपरी-चिंचवडमध्ये आहे, 400 फ्लॅट. दुसऱ्या तळघरात मैलापाण्याचा सम्प (साठवण खड्डा) आहे. तिथून दोन सबमर्सिबल पंप आलटून-पालटून पाणी मागच्या बाजूच्या एसटीपीच्या (सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या) टाकीत चढवतात. प्रत्येक पंपाच्या 100 मिमी डिलिव्हरी लाइनीवर आधी एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह), मग बटरफ्लाय व्हॉल्व्ह (तबकडी फिरवून बंद होणारा) आणि पुढे दोन्ही लाइनी एका हेडरला (सामाईक पाइपाला) मिळतात.

मागच्या आठवड्यात एक नंबरचा पंप चोक झाला. ऑपरेटर बटरफ्लाय बंद करायला गेला तर हँडल अर्ध्यावर अडकलं. चेनपुलीने पंप वर घेतला आणि मोकळ्या बेंडमधून पाणी धो-धो सम्पात परत. दोन नंबरचा पंप चालूच होता, पण तो जेवढं ढकलत होता तेवढं एक नंबरच्या लाइनीतून पुन्हा सम्पातच येत होतं. शेवटी दोन्ही बंद ठेवले, तासाभरात तळघरातल्या चेंबरमधून मैला वर आला आणि पार्किंगमध्ये पसरला. नंतर व्हॉल्व्ह खोलला तर तबकडीला केस, पोछ्याचे दोरे आणि वेट वाइप्स पिळून पिळून मनगटाएवढी जाड दोरी झाली होती. एनआरव्हीच्या फ्लॅपखाली सॅनिटरी पॅडचा तुकडा.

ठेकेदाराने तीन पर्याय दिलेत: नवीन बटरफ्लाय (सगळ्यात स्वस्त), बॉल व्हॉल्व्ह (भोक असलेला गोळा फिरवून बंद होणारा), किंवा नाइफ गेट (पातं खाली सरकवून बंद होणारा; बटरफ्लायच्या कितीतरी पट महाग). समितीत मी एकटीच नाइफ गेटच्या बाजूने आहे, पण मला मुद्दा नीट मांडता येत नाहीये. जाणकारांनी कृपया सांगावं.

चावीपाना · सोमवार, रात्री 10:05

ताई, मैल्याच्या लाइनीवर बटरफ्लाय अजिबात नको. पूर्ण उघडला तरी तबकडी आणि शाफ्ट पाण्याच्या मधोमधच उभे असतात. चिंध्यांना अडकायला आयती जागा. नवीन बसवला तरी तीच गत होणार.

उत्सुक_शेजारी · सोमवार, रात्री 10:30

आमच्याकडेही बटरफ्लायच आहेत, आणि अजून त्रास नाही. सम्पाच्या तोंडाशी बार स्क्रीन रोज साफ केली तर खर्च वाचेल असं वाटतं. व्हॉल्व्ह बदलून चिंध्या यायच्या थांबत नाहीत.

सह्यकडा · मंगळवार, सकाळी 7:15

मी मलनिस्सारणाच्या कामातून निवृत्त झालो. पंपिंग स्टेशनं बांधून घेतली आणि चालवूनही घेतली, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

उत्सुक_शेजारी, स्क्रीन हवीच, त्यात दुमत नाही. पण केस आणि पोछ्याचे सुटे दोरे सळ्यांमधल्या फटीतून सरळ निघून जातात आणि पुढे पंपाच्या भोवऱ्यात एकमेकांत पिळले जाऊन त्यांचा दोर होतो. स्क्रीनने त्रास कमी होतो, संपत नाही. शिवाय तुम्हाला त्रास नाही याचा अर्थ व्हॉल्व्ह बंद होतो असा नाही. शेवटचा कधी बंद करून पाहिला होता, हे ऑपरेटरला विचारा.

आयसोलेशन व्हॉल्व्हचं काम काय, इथून सुरुवात करू. तो वर्षभर उघडा असतो आणि कुणाचं लक्ष नसतं. ज्या दिवशी पंप वर घ्यायचा किंवा एनआरव्ही खोलायचा, त्या एका दिवशी त्याला पूर्ण बंद व्हायचं असतं. म्हणून मैल्यासाठी निवड करताना दोनच प्रश्न विचारायचे: उघडा असताना त्याच्या पोटात काही अडकतं का, आणि पोटात कचरा असतानाही तो बंद होतो का?

बटरफ्लाय पहिल्याच प्रश्नाला नापास. बॉल व्हॉल्व्हचा मार्ग पूर्ण मोकळा असतो, पण बॉल आणि बॉडी यांच्यामधल्या पोकळीत मैला शिरतो, तिथेच वाळतो आणि काही महिन्यांनी बॉल फिरेनासा होतो. कटर पंपाच्या (कचरा कापून ढकलणाऱ्या पंपाच्या) 50 मिमी लाइनीला युनियनवाला यूपीव्हीसी बॉल व्हॉल्व्ह चालून जातो, कारण बिघडला तर खोलून टाकून नवीन लावता येतो. 100 मिमीला मी लावणार नाही.

जुन्या पद्धतीचा स्लुइस व्हॉल्व्ह, म्हणजे पितळी कडांचा, त्याच्या तळाला खाच असते. पाचर त्या खाचेत जाऊन बसली तरच तो बंद. मैल्यातली रेती नेमकी त्याच खाचेत भरते. कुणी म्हणेल, आयएस 14846 चा शिक्का आहे. तो शिक्का चांगला आहे, पण ते मानक मुळात पाणीपुरवठ्याच्या स्लुइस व्हॉल्व्हचं आहे. स्वच्छ पाण्यात उत्तम चालणारी वस्तू मैल्यात तशीच चालेल, असं तो शिक्का सांगत नाही.

राहिले तीन. रबर चढवलेल्या पाचरेचा स्लुइस व्हॉल्व्ह: तळ सपाट, खाच नाही, बारीक रेती रबरात दबून जाते. नाइफ गेट: पातळ स्टेनलेस पातं चिंध्या कापत खाली उतरतं. आणि एक्सेंट्रिक प्लग व्हॉल्व्ह: अर्धा प्लग पाव फेरीत बाजूला सरकून बसतो. अमेरिकेत मैल्याच्या लाइनींवर हाच सर्रास दिसतो. आपल्याकडे लहान साइजमध्ये सहज मिळत नाही, म्हणून सोसायटीने त्याच्या मागे लागू नये.

तुमच्या कामाला पहिल्या दोनपैकी एक.

मस्कतकर · मंगळवार, सकाळी 11:20

सह्यकडा काकांशी सहमत. मी ओमानमध्ये सीवेज लिफ्ट स्टेशनांच्या देखभालीत आहे. एक मुद्दा जोडतो, जो कोटेशनमध्ये कधीच लिहिलेला नसतो.

बरेच नाइफ गेट एकाच बाजूचा दाब धरतात. दाबाने पातं सीटवर रेटलं गेलं तर पाणी थांबतं, उलट बाजूने दाब आला तर पातं सीटपासून दूर ढकललं जातं आणि गळतं. काहींवर बाण असतो, काहींच्या बॉडीवर 'सीट साइड' अशी अक्षरं ओतलेली असतात. आता विचार करा, ताईंच्या लाइनीत व्हॉल्व्ह बंद करायची वेळ कधी येते? पंप वर घेतलेला असताना. त्या वेळी पंपाकडून दाब शून्य आणि सगळा दाब हेडरकडून, म्हणजे नेहमीच्या वाहण्याच्या उलट दिशेने. फिटर मात्र सवयीने बाण पाण्याच्या दिशेला करून बसवतो. म्हणजे ज्या एका दिवसासाठी व्हॉल्व्ह घेतला, त्याच दिवशी तो गळणार.

म्हणून एकतर दोन्ही बाजूंचा दाब धरणारा नाइफ गेट मागवा आणि 'दोन्ही दिशांनी पूर्ण दाबाला चाचणी' असं ऑर्डरमध्ये लिहून घ्या, किंवा एकदिशा असेल तर हेडरच्या दाबाने पातं सीटवर रेटलं जाईल असा बसवा. आधी त्या कंपनीचा बाण वाहण्याची दिशा दाखवतो की दाबाची, हे विचारून घ्या. दोन्ही प्रकार पाहिलेत.

इंद्रायणीकाठ · मंगळवार, दुपारी 1:10

मस्कतकर, हे फार मोलाचं आहे. ठेकेदाराला आत्ताच फोन केला. त्याच्या कोटेशनमधला एकदिशाच आहे आणि तो 'फ्लोच्या दिशेने' बसवणार होता!

दाबाचंही विचारते. तो पीएन16 (16 बार दाबाचा) घ्या म्हणतोय, किंमत आणखी वाढते. सम्पाच्या तळापासून टाकीच्या वरपर्यंत उंची साधारण 14 मीटर आहे. लाइनीची लांबी 60 मीटरच्या आसपास.

सह्यकडा · मंगळवार, दुपारी 3:45

14 मीटर म्हणजे 1.4 बार. घर्षण धरून आणि पंपाचा शटऑफ हेड (पुढची वाट बंद असतानाचा त्याचा दाब) धरूनसुद्धा तुम्ही पीएन10 च्या खूप आत आहात. पीएन16 चे पैसे द्यायची गरज नाही. तोच पैसा दोन्ही दिशांच्या सीटवर आणि पात्याच्या धातूवर घाला. पातं आणि स्पिंडल (दांडा) एसएस 316 (स्टेनलेस स्टील) मिळालं तर उत्तम, निदान एसएस 304. एमएसवर (साध्या पोलादावर) क्रोम प्लेटिंग केलेलं पातं नको.

प्रवाहाचाही हिशोब करू. 400 फ्लॅट, घरटी 5 माणसं, माणशी 135 लिटर, त्यातलं 80 टक्के गटारात: दिवसाला 216 घनमीटर. सकाळच्या गर्दीला सरासरीच्या तिप्पट धरलं तर ताशी 27 घनमीटर. पंप ताशी 30 चा असेल तर 100 मिमी लाइनीत वेग सेकंदाला 1 मीटरच्या थोडा वर येतो. गाळ बसू नये म्हणून 0.6 च्या वर हवाच, तेव्हा लाइन बरोबर आहे. व्हॉल्व्ह 80 चा घालून पैसे वाचवू, असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. पूर्ण बोअर म्हणजे पूर्ण 100.

60 मीटर लाइनीत जवळपास 470 लिटर पाणी उभं असतं. व्हॉल्व्ह गळला की ते सगळं खाली येणार. आणि लाइनीचं तोंड टाकीतल्या पाण्याखाली बुडालेलं असेल तर सायफन बसून टाकीच उलटी रिकामी होऊ लागते. तोंड पाण्याच्या पातळीच्या वर आहे ना, ते आजच बघून घ्या.

उत्सुक_शेजारी · मंगळवार, सायंकाळी 6:20

विचारलं ऑपरेटरला. सोसायटी ताब्यात आल्यापासून व्हॉल्व्ह एकदाही बंद केलेला नाही. आज करून पाहिला, हँडल हललंच नाही. सह्यकडा साहेब, धन्यवाद. आता आमचीही यादी सुरू झाली.

पण मग नाइफ गेटच का? रबरवाला स्लुइस दोन्ही बाजूंनी दाब धरतो, ग्लँडची (गळती रोखणाऱ्या पॅकिंगची) कटकट नाही, स्वस्तही पडतो असं दिसतंय.

चावीपाना · मंगळवार, रात्री 9:30

रास्त प्रश्न आहे. मी दोन्ही लावतो.

रबरवाल्याच्या स्पिंडलला ओ-रिंग असतात, गळत नाही. नाइफ गेटच्या ग्लँडमध्ये डोरी असते, ती दमादमाने आवळावी लागते. नवीन लावल्यावर पहिल्या महिन्यात दोन-तीनदा नट बघावेच लागतात. एका बाजूचा नट जास्त आवळला की पातं तिरकं घासतं. लक्ष न देणाऱ्या सोसायटीत त्या ग्लँडमधून मैला ठिबकत राहतो, वास येतो आणि नाव व्हॉल्व्हचं खराब होतं.

उलट रबरवाल्यात खडा किंवा फरशीचा कपरा पाचरेखाली आला आणि माणसाने जोर लावला की रबर चिरतं. एकदा चिरलं की तो व्हॉल्व्ह कायमचा गळका, रबर वेगळं बदलता येत नाही. चिंध्यांचा बोळा आला तरी तो वर टेकून राहतो, पातं मात्र कापून जातं.

आणि जागा. बटरफ्लाय काढला की साधारण 50 मिमीचा गाळा राहतो, नाइफ गेटही तेवढाच असतो. गाळा मोजून घेतला तर पाइप न कापता बसतो. रबरवाला 190 मिमीच्या आसपास लागतो, म्हणजे पाइप कापा, फ्लँज वेल्ड करा, आणि हे मैल्याच्या लाइनीवर, तळघरात. मजुरी धरली तर फरक फारसा उरत नाही. ताईंच्या इथं चिंध्या हाच रोग आहे, म्हणून नाइफ गेट. जिथं कटर पंप आहेत किंवा एसटीपीतलं गाळलेलं पाणी आहे, तिथं मी डोळे झाकून रबरवाला लावतो.

बोल्टचं सांगतो, कारण यात फार व्हॉल्व्ह फुटताना पाहिलेत. नाइफ गेटच्या पात्याच्या बाजूची बोल्टची काही भोकं आरपार नसतात, आत आटे पाडलेली बंद भोकं असतात. तिथं लांब बोल्ट घातला की तो तळाला टेकतो, फिटरला वाटतं फ्लँज आवळला गेला, गास्केट मात्र ढिलंच. आणखी जोर लावला की बॉडीला तडा. प्रत्येक भोक मोजून तेवढाच बोल्ट कापायचा. व्हॉल्व्ह लग टाइप (बॉडीलाच आटे पाडलेली बोल्टची भोकं असलेला) घ्या आणि दोन्ही फ्लँजना वेगवेगळे बोल्ट लावा. आरपार बोल्टने दोन फ्लँजमध्ये नुसता दाबलेला व्हॉल्व्ह असेल, तर एनआरव्हीची बाजू खोलताच हेडरची बाजूही सुटते.

भीमथडी · बुधवार, सकाळी 10:15

धाग्याला थोडा फाटा फोडतो, माफी असावी. मी नगरपरिषदेत कनिष्ठ अभियंता आहे. आमची रायझिंग मेन (मैला पंपाने चढवणारी मुख्य लाइन) सव्वा किलोमीटर आहे, 300 मिमी. तिथेही नाइफ गेटच घ्यावा का? पाव फेरीच्या व्हॉल्व्हने वॉटर हॅमर (पाणी अचानक थांबल्याने बसणारा दाबाचा धक्का) होतो असं ऐकलंय.

सह्यकडा · बुधवार, दुपारी 12:05

हॅमर बंद करण्याच्या वेळेवर असतो. डीआय (डक्टाइल आयर्न) पाइपात दाबाची लाट सेकंदाला साधारण हजार मीटर धावते. 1 मीटर वेगाचं पाणी एकदम थांबवलं तर जवळजवळ 100 मीटर हेडचा धक्का. लाट टोकाला जाऊन परत यायला तुमच्या लाइनीत अडीच सेकंद लागतात. त्याच्या आत बंद केलं तर पूर्ण धक्का बसणार. चाकाने फिरवायचा नाइफ गेट किंवा स्लुइस इतक्या लवकर बंद होऊच शकत नाही, म्हणून ते सुरक्षित. प्लग घेतला तर गिअरबॉक्सशिवाय घेऊ नका. पण तुमची खरी भीती वीज गेल्यावर आपटणाऱ्या एनआरव्हीची आहे, तिच्यासाठी सर्जचा (दाबाच्या लाटांचा) वेगळा अभ्यास करून घ्या. आणि मोठ्या साइजला नाइफ गेटचा दाब कमी होत जातो. 300 ला पीएन10 गृहीत धरू नका, कंपनीचा तक्ता बघा.

सावित्रीची_लेक · बुधवार, रात्री 8:50

मी अभियंता नाही, सफाई कामगारांच्या संघटनेबरोबर काम करते. हा धागा वाचताना एक गोष्ट सारखी टोचत होती, ती लिहिते.

ताई, पंप चोक झाल्यावर तुमच्याकडे कुणी सम्पात उतरलं का? बहुतेक सोसायट्यांत उतरवतात. व्हॉल्व्ह बंद होत नाही, पंप साखळीने नीट वर येत नाही, मग एखाद्या पोराला पैसे देऊन खाली पाठवतात. 2013 च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत धोक्याच्या सफाईसाठी उतरवणं हा गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये अशा मृत्यूची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख केली. पण भरपाईने माणूस परत येत नाही.

सम्पातला हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो, तळाशी साचतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो, प्रमाण 100 पीपीएमच्या वर गेलं की नाक बधिर होतं आणि वासच कळत नाही. लोक म्हणतात, वास गेला, आता उतर. तिथेच जीव जातो. आणि साचलेला मैला ढवळला की हा वायू एकदम मोकळा होतो. व्हॉल्व्ह गळून वरून 470 लिटर पाणी कोसळलं तर नेमकं तेच होणार.

तुमच्या समितीला महाग व्हॉल्व्ह का, हे सांगायचं असेल तर मला हेच कारण सगळ्यात मोठं वाटतं. ज्या लाइनीवर व्हॉल्व्ह बंद होतो आणि पंप गाइड रेलवरून वर येतो, तिथं खाली उतरायचं कुणाला कारणच राहत नाही.

इंद्रायणीकाठ · बुधवार, रात्री 9:35

ताई, त्या दिवशी ठेकेदाराचा माणूस उतरायला तयार झाला होता. आम्ही दोघी-तिघींनी अडवलं, टँकर मागवून सम्प उपसला. तुमची पोस्ट मी समितीच्या ग्रुपवर जशीच्या तशी टाकतेय.

मस्कतकर · गुरुवार, सकाळी 9:00

सावित्रीची_लेक यांच्या मुद्द्याला धरूनच: व्हॉल्व्ह आणि एनआरव्ही सम्पाच्या आत लोंबकळत असतील तर कितीही भारी घेतले तरी माणसाला आत जावंच लागतं. ते सम्पाबाहेर, उभं राहून हात पोचेल असेच हवेत. शिवाय सम्पातल्या पाण्याच्या वरच्या ओल्या पृष्ठभागावर त्या वायूचं जिवाणूंमुळे गंधकाम्ल होतं. एमएस बोल्ट त्यात वर्ष-दोन वर्षांत खाऊन जातात. बाहेर असले तरी बोल्ट स्टेनलेसच घ्या. पाचरेच्या किंवा सीटच्या रबरातही फरक आहे: स्वयंपाकघरातलं तेल-तूप मैल्यात येतंच, त्याने ईपीडीएम फुगतं. नायट्राइल मागा.

चावीपाना · गुरुवार, सकाळी 9:40

आणि एनआरव्ही तोच ठेवू नका. बॉल टाइप घ्या. रबर चढवलेला गोळा बाजूच्या खिशात सरकतो, मार्ग मोकळा. फ्लॅपसारखी बिजागरी नाही, त्यामुळे पॅड अडकत नाही. फ्लॅपवालाच ठेवायचा असेल तर आडव्या पाइपात. उभ्या पाइपात पंप थांबला की वरचा सगळा गाळ फ्लॅपवर येऊन बसतो.

नाइफ गेटचं चाक शक्यतो वरच्या बाजूला ठेवा. खाली तोंड करून बसवला की ग्लँडमध्ये रेती भरते.

इंद्रायणीकाठ · गुरुवार, रात्री 10:15

आज बैठक झाली. दोन्ही लाइनींना 100 मिमी, पीएन10, लग टाइप, दोन्ही दिशांना चाचणी केलेला नाइफ गेट; पातं आणि स्पिंडल एसएस 316, सीट नायट्राइल; बॉल एनआरव्ही; सगळे बोल्ट स्टेनलेस. पाच विरुद्ध दोन मतांनी मंजूर. टाकीतलं पाइपाचं तोंड बुडालेलंच होतं, ते वर घ्यायचंही त्यातच घातलं.

शेवटचं विचारते: बसवल्यावर ऑपरेटरने काय करायचं? आणि व्हॉल्व्ह खरंच धरतोय हे फ्लँज खोलण्याआधी कसं कळणार?

चावीपाना · शुक्रवार, सकाळी 6:50

महिन्यातून एकदा, पंप बंद असताना, पूर्ण बंद आणि पूर्ण उघडा करायचा. नवीन असताना चाकाचे किती फेरे होतात ते मोजून पत्र्याच्या बिल्ल्यावर कोरून व्हॉल्व्हला टांगा. पुढे कधी दोन फेरे कमी भरले तर पात्याखाली काहीतरी आहे. तेव्हा पाइप पाना लावून जोर करायचा नाही. थोडा उघडायचा, पंप मिनिटभर चालवून धुऊन काढायचा, पंप थांबवून पुन्हा बंद करायचा. पूर्ण उघडल्यावर अर्धा फेरा मागे घ्यायचा, म्हणजे स्पिंडल वर आवळून बसत नाही. आणि पंपाचा प्रवाह कमी करायला हा व्हॉल्व्ह अर्धवट उघडा ठेवायचा नाही, पातं थरथरतं आणि चिंध्या तिथेच अडकतात.

सह्यकडा · शुक्रवार, सकाळी 8:20

धरतोय का हे कळायला एनआरव्ही आणि नाइफ गेट यांच्यामधल्या तुकड्याला 50 मिमीची टॅपिंग (छोटी फांदी) काढा, तिला बॉल व्हॉल्व्ह लावा आणि पाइप सम्पाच्या तोंडात सोडा. 25 मिमीची काढू नका, ती तुंबते. पंप वर घ्यायच्या दिवशी त्या पंपाच्या पॅनलला कुलूप आणि पाटी लावायची, नाइफ गेट बंद करायचा आणि ही टॅपिंग उघडायची. सुरुवातीला धार येईल, मग थांबली पाहिजे. पाच मिनिटांनंतरही वाहत असेल तर नाइफ गेट धरत नाही, फ्लँजला पाना लावायचा नाही. थांबली असेल तर टॅपिंग उघडीच ठेवून काम सुरू करायचं, आणि काम चालू असताना एका माणसाने फक्त त्या नळीकडे बघत उभं राहायचं.